तीन-तीन महिन्यांचं डाळिंब

ताईला सगळे ताईच म्हणत. धाकट्या भावाने म्हणावं हे ठीक, पण शेजारीही म्हणत, तिच्या चष्म्याच्या दुकानात येणारी सत्तरीची गिऱ्हाइकंही "ताई, जरा ही काडी सैल करून द्या" असंच म्हणत, आणि चुकून एकदोनदा नवऱ्याच्याही तोंडून निघून गेलं होतं. ताईला त्याचं काही वाटत नसे. आपण जन्मालाच मोठ्या म्हणून आलो आहोत, आणि दुसऱ्यांची वाकडी कामं सरळ करणं हे आपल्याकडेच आहे, अशी तिची समजूत होती. दिवसभर ती वाकड्या फ्रेमी गरम हवेवर धरून सरळ करायची, त्यामुळे या समजुतीला रोज बळकटी मिळत होती.

तिचे वडील, बाबा, घड्याळं दुरुस्त करायचे. पंचेचाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून त्यांनी तांदळाच्या दाण्याएवढे स्क्रू फिरवले. दुकान बंद करून घरी आले की गच्चीवर जायचे आणि तिथे त्यांचं दुसरं बारीक काम सुरू व्हायचं. उथळ कुंडीत लावलेलं एक डाळिंबाचं झाड होतं. उंची हातभर, पण खोड मनगटाएवढं जाड आणि पिळलेलं. तीस वर्षांत बाबांनी ते एका काडीपासून वाढवलं होतं. त्याला फुलं यायची ती नेहमीच्या डाळिंबाएवढीच मोठी, तशीच केशरी-लाल, आणि एवढ्याशा झाडावर ती अशी दिसायची की बघणाऱ्याला हसू यावं. आई त्या झाडाला "तुमचा तिसरा" म्हणायची. "तुमच्या तिसऱ्याला पाणी दिलंत का?" असं रोज सकाळी विचारायची. पहिल्या दोघांची इतकी चौकशी झाल्याचं ताईला आठवत नव्हतं.

मग बाबांचे हात थरथरायला लागले. दुकान आवरलं. गुडघ्यांनी जिने नको म्हटलं, तेव्हा आई-बाबा लिफ्ट असलेल्या एका लहान घरात राहायला गेले. घर चांगलं होतं, पण खिडकीत ऊन यायचं ते जेमतेम तासभर. डाळिंबाला तेवढं पुरत नाही. पाच-सहा तास ऊन मिळालं नाही तर ते फुलायचं नाव घेत नाही.

"तुम्ही दोघं सांभाळा," बाबांनी ताईला आणि धाकट्याला बोलावून सांगितलं. "तीन महिने तिच्याकडे, तीन महिने तुझ्याकडे. म्हणजे फुलं एकाला आणि नुसत्या काड्या दुसऱ्याला असं व्हायला नको. पाणी विसरू नका. बाकी तुमचं तुम्ही बघा."

हे "बाकी तुमचं तुम्ही बघा" बाबांनी जरा कमी सैलपणाने म्हटलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

धाकटा गाडी चालवायला शिकवायचा. रस्त्यावर त्याच्याइतका शांत माणूस सापडला नसता. समोरून ट्रक येत असताना शिकणाऱ्याने ब्रेकऐवजी भलतंच काही दाबलं तरी तो "हरकत नाही, पुन्हा बघू" एवढंच म्हणायचा. त्याची ही सगळी शांती घराबाहेरच संपून जात असावी, कारण बहिणीसाठी त्यातली काही उरत नसे.

पहिले तीन महिने झाड ताईकडे होतं. तिने वाचनालयातून पुस्तक आणलं, अॅल्युमिनियमची तार आणली आणि झाडाला वळण लावायला घेतलं. झाड कसं असावं याबद्दल तिचं मत पक्कं होतं. खाली रुंद, वर निमुळतं, दोन्ही बाजूंनी तोलून धरलेलं. खाली डावीकडे एक अंगठ्याएवढी जाड फांदी होती. तिच्यामुळे झाडाला भारदस्तपणा येतो असं ताईला वाटायचं. तिने बाकीच्या कोवळ्या फांद्या त्या फांदीला शोभतील अशा बसवल्या, आणि तीन महिन्यांनी गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा लावून झाड धाकट्याकडे पोचवलं. सोबत एक वही दिली, काय केलं ते लिहिण्यासाठी.

तीन महिन्यांनी झाड परत आलं तेव्हा ताईला ते ओळखू आलं नाही. सगळ्या फांद्या उजवीकडे धावत होत्या.

"हे काय केलंस?"

"वारा," धाकटा म्हणाला. "डोंगराच्या टोकावर झाड आहे आणि वर्षानुवर्षं एकाच बाजूने वारा खातंय, असं. मी एकाचे व्हिडिओ बघतो, तो असंच करतो."

"आपल्या गच्चीवर कुठला आलाय वारा?"

"कल्पना करायची असते, ताई."

वहीत त्याने लिहिलं होतं: "जुनी तार काढली. सालीवर वळ उठले होते. गुंडाळणाऱ्याने हात हलका ठेवावा." ताईने त्याखाली लिहिलं: "हात हलकाच होता. झाड तुझ्याकडे आल्यावर तीन आठवड्यांनी तार काढायची, हे तुला सांगितलं होतं." आणि मग वाऱ्याची तार काढून तिने सगळ्या फांद्या पुन्हा जागच्या जागी बसवल्या.

अशी दोन वर्षं गेली. दर तीन महिन्यांनी झाडावरचा वारा सुटायचा आणि पडायचा. वहीतली भाषा हळूहळू सरकारी झाली. "संबंधितांना कळवण्यात येते की शेंडा विनापरवानगी छाटण्यात आला आहे." "सदर तक्रार वाचली. शेंडा आमच्या वडिलांच्या झाडाचा असल्याने परवानगीचा प्रश्न उद्भवत नाही." ताईचा नवरा शाळेत संगीत शिकवायचा. तो ती वही रात्री झोपताना वाचायचा आणि पोट धरून हसायचा. त्या दोघांना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

बाबा फोनवर फक्त एवढंच विचारायचे, "पाणी देता ना?"

"देतो, बाबा."

"मग झालं."

तिसऱ्या वर्षी बागप्रेमी मंडळाच्या चिटणीस बाई ताईच्या दुकानात नंबर काढायला आल्या. डोळे तपासता तपासता बोलणं निघालं. मंडळाचं प्रदर्शन महिन्याभरावर आलं होतं. "तुमचे वडील दरवर्षी यायचे बघायला," बाई म्हणाल्या. "प्रत्येक झाडापाशी पंधरा पंधरा मिनिटं उभे राहायचे. मी किती वेळा म्हटलं, तुमचं झाड आणा. म्हणायचे, अजून तयार नाही."

ताई त्या संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधीच धाकट्याला फोन करून मोकळी झाली. झाड प्रदर्शनात ठेवायचं, बाबांना न सांगता. त्यांना नेहमीसारखं प्रदर्शन बघायला न्यायचं आणि तिथे त्यांचंच झाड त्यांच्यासमोर. धाकट्याला ही कल्पना इतकी आवडली की त्याने नेहमीसारखा एकही प्रश्न काढला नाही. तो दुसऱ्याच दिवशी आला, स्वतःची हत्यारं घेऊन.

झाड तेव्हा ताईकडे होतं. नुकतीच पानं फुटली होती, कळ्या धरल्या होत्या. दोघं तिच्या गच्चीत स्टुलांवर बसले. अर्धा तास छान गेला. मग खालच्या डाव्या फांदीचा विषय निघाला.

"ही एकटीच वाऱ्याच्या उलट जाते," धाकटा म्हणाला. "निदान थोडी पुढे वळवू."

"ती आहे म्हणून झाड उभं आहे. मी तिला जरा खाली घेणार आहे."

"खाली घेतलीस तर ते झाड न वाटता कपड्याचं हँगर वाटेल."

"तू हात काढ आधी."

"तू काढ."

डाळिंबाची कोवळी फांदी कशीही वळते. जुनी वळत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. वहीत दोघांनीही एकमेकांना उद्देशून ते लिहिलं होतं. ताईने फांदी खाली दाबली, धाकट्याने पुढे ओढली, आणि "कट्" असा आवाज झाला. मोठा नव्हता. पण त्यानंतर गच्चीत एवढी शांतता पसरली की खालच्या घरातलं कुकरचं झाकण पडल्याचं ऐकू आलं.

फांदी धाकट्याच्या हातात होती. तिच्यावर चार कळ्या होत्या.

ताईचा नवरा चहाचे कप घेऊन वर आला. त्याने फांदीकडे बघितलं, मग दोघांच्या तोंडाकडे, आणि आल्या पावली चहा घेऊन खाली गेला.

"आता?" धाकटा म्हणाला. तो लहानपणी काही फोडलं की याच आवाजात विचारायचा, आणि ताई तेव्हाही त्याच्याकडे न बघताच डोकं चालवायला लागायची.

"ओली आहे अजून. बसव जागेवर. धरून ठेव, मी पट्टी आणते."

त्यांनी फांदी जागेवर बसवली. ताईने दुकानातली बारीक तार आणली, वरून पट्टी गुंडाळली, खालून टेकू दिला. ती बांधत होती, तो धरत होता. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या झाडावर दोघांचे चार हात एकाच बाजूने काम करत होते, पण हे लक्षात येण्याइतका निवांतपणा दोघांनाही नव्हता. दोन दिवसांनी फांदीची पानं मलूल झाली. चौथ्या दिवशी ती चुरचुरीत वाळली. धाकटा रोज दोन शिकवण्यांच्या मधल्या वेळात फोन करायचा. "कशी आहे?" असं विचारायचा, आणि शेजारी बसलेल्या शिकाऊ चालकाला वाटायचं की मास्तरांच्या घरी कुणीतरी फार आजारी आहे.

पाचव्या दिवशी, रविवारी, आई-बाबा ताईकडे जेवायला आले. हे महिन्यापूर्वीच ठरलेलं होतं, पण फांदीच्या गडबडीत ताई साफ विसरून गेली होती. दारावरची बेल वाजली तेव्हा धाकटाही तिथेच होता. त्याने झाड उचललं आणि ते न्हाणीघरात नेऊन पडद्यामागे ठेवलं.

जेवणं झाली. बाबांनी हात पुसले. "चला, झाड बघू."

"झाड ना," ताई म्हणाली, "त्याला जरा सावलीत ठेवलंय."

"डाळिंबाला? या दिवसांत?"

"कीड," धाकटा म्हणाला.

"कसली?"

धाकट्याने ताईकडे बघितलं. ताईने नवऱ्याकडे. नवरा हा भिडस्त आणि सज्जन माणूस होता, त्याला खोटं बोलणं कधी जमलं नाही. "न्हाणीघरात आहे," तो म्हणाला.

बाबा उठले. सगळे त्यांच्यामागून गेले. न्हाणीघर एवढंसं, त्यात चार माणसं आणि एक झाड. बाबांनी पडदा सारला. खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं, आणि वाकून त्या पट्टीकडे, टेकूकडे, वाळलेल्या फांदीकडे बघत राहिले. बराच वेळ. ताईला आपण पन्नाशीच्या आहोत आणि आपल्याला स्वतःचं दुकान आहे, हे सगळं त्या वेळात विसरायला झालं. तिने पदराशी चाळा करावा तसा ओढणीचा कोपरा बोटाला गुंडाळला होता.

"माझ्या हातून मोडली," ती म्हणाली.

"माझ्या," धाकटा म्हणाला. "तिने नुसती धरली होती."

"मी दाबली होती."

"मी ओढली होती, ताई. तुझं दाबणं काहीच नव्हतं."

बाबांचे खांदे हलत होते. ताईने त्यांचा दंड धरला. मग तिच्या लक्षात आलं की ते हसताहेत.

"बारा वर्षं," बाबा म्हणाले. त्यांनी भिंग काढलं आणि डोळे पुसले. "बारा वर्षं मी ही फांदी काढायची म्हणतोय. हिच्यामुळे खोडाचा सगळा पीळ झाकला जातो. हिच्यामुळेच मी झाड कधी प्रदर्शनात ठेवलं नाही."

"मग काढली का नाही?" धाकट्याने विचारलं.

बाबांनी आईकडे बोट दाखवलं. "या फांदीवर पहिलं फळ आलं होतं. तुमची आई म्हणाली, हिला हात लावायचा नाही."

सगळ्यांनी आईकडे बघितलं. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, आत जागाच नव्हती.

"मी?" आई म्हणाली. "कधी?"

"फळ आलं तेव्हा. गच्चीवर. तू म्हणालीस, हिला हात लावू नका."

आईने आठवून बघितलं. "अहो, फळ पिकत होतं म्हणून म्हटलं असेन. तेव्हा हात लावू नका. तुम्ही काय बारा वर्षं लावला नाहीत?"

"तू म्हणालीस म्हणून."

"एरवी मी म्हणते ते कधी ऐकलंत का?" आई म्हणाली, आणि मग तिलाही हसू आवरेना. ताईचा नवरा तर बाहेर जाऊन भिंतीला टेकून हसत होता.

दुपारी झाड गच्चीत आणलं. बाबा खुर्चीवर बसले, मुलं स्टुलांवर. बाबांचे हात मांडीवर थरथरत होते. त्यांनी ते तसेच राहू दिले आणि तोंडाने काम सुरू केलं.

"पट्टी काढ. तार काढ. आता उरलेल्या खुंटाला करवत. नाही, खोडापासून इतकं लांब नको. जरा खळगा पडेल असं काप, म्हणजे साल आत वळत जाऊन जखम भरते. तू धर. धर म्हणजे फक्त धर, ओढू नकोस, तुझा ओढण्याचा हिशेब एकदा झालाय."

ताईने कापलं, धाकट्याने धरलं. चाकूने कडा साफ केल्या, वरून मलम लावलं. मग बाबांनी झाड थोडं फिरवायला सांगितलं, अजून थोडं, अजून. आणि तिथे, जिथे वर्षानुवर्षं फांदीची सावली पडत होती, तिथे खोडाचा पीळ दिसला. मुळापासून निघून, एकदा स्वतःभोवती फिरून वर गेलेला. साल तिथे फिकी होती, कारण तिला कधी ऊन मिळालंच नव्हतं.

धाकट्याने त्या फिक्या सालीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "मला वाटत होतं, झाडाला वारा कमी पडतोय."

"मला वाटत होतं, ही काढली तर तोल जाईल," ताई म्हणाली.

"दोघांचंही चुकलं," बाबा आनंदाने म्हणाले. "आता त्या फांदीचे तुकडे करा. करंगळीएवढे. खालून मोडलेली आहे ना, वरचा भाग वाळला तरी मधल्या काड्या ओल्या असतील. नखाने खरवडून बघा, हिरवं दिसलं की ठेवा. मातीत खोचू."

सात काड्या हिरव्या निघाल्या.

प्रदर्शन एका शाळेच्या सभागृहात होतं. बाबांना आश्चर्याचा धक्का द्यायचा बेत आता उरला नव्हता. उलट बाबाच आदल्या दिवशीपासून सूचना देत होते, कुंडी पुसा, शेवाळ ओलं ठेवा, झाडाची दर्शनी बाजू टेबलाच्या कडेला समांतर नको. झाडावर तीन फुलं उमलली होती. कार्डावर कुणाचं नाव लिहायचं यावर ताई आणि धाकट्याची जुंपायला आली होती. प्रत्येकजण दुसऱ्याचं नाव आधी लिहायला सांगत होता, म्हणून. शेवटी चिटणीस बाईंनीच पेन घेतलं आणि बाबांचं नाव लिहून टाकलं.

परीक्षक म्हणून आलेल्या बाई ठेंगण्या आणि गंभीर होत्या. डाळिंबापाशी त्या थांबल्या, खोडाभोवती फिरल्या, मग वाकून फांद्यांवरच्या जुन्या तारेच्या खुणा बघितल्या.

"हे झाड एकट्याने केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "एक उजवा हात आहे आणि एक डावखुरा. तारेचे वळ दोन्ही दिशांनी आहेत. आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही."

धाकट्याने आपला डावा हात मागे घेतला.

"आमची मुलं आहेत," बाबा म्हणाले.

"फांदी कुणी काढली?"

"दोघांनी मिळून."

"चांगली काढलीय," बाई म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

बक्षीस मिळालं नाही. पहिलं बक्षीस एल्म नावाच्या एका विलायती झाडाला मिळालं आणि ते झाड खरोखर सुरेख होतं, हे ताईने घरी आल्यावर तासाभराने मान्य केलं. पण बाबांना बक्षिसाची आठवणही राहिली नव्हती. सभागृहातल्या खुर्चीवर ते सकाळी दहाला बसले ते संध्याकाळी पाचपर्यंत. येणारा प्रत्येकजण डाळिंबापाशी थांबायचा, काहीतरी विचारायचा, आणि बाबा सांगायचे. पानं पिवळी का पडतात. मुळं कधी छाटायची. खत किती आणि कधी बंद करायचं. शाळेतली एक मुलगी घरी जाऊन आपलं मेलेलं रोप पिशवीतून घेऊन परत आली, ते का मेलं हे विचारायला. बाबांनी भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, "तू फार प्रेम केलंस. रोज दोनदा पाणी. हो ना?" ती मुलगी थक्कच झाली.

संध्याकाळी टेबलं आवरताना चिटणीस बाई बाबांपाशी आल्या. मंडळाला शिकवणारं कुणीतरी हवं होतं, दर शनिवारी सकाळी, दोन तास.

"माझे हात चालत नाहीत," बाबा म्हणाले.

"हात त्यांचे चालतील," बाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त सांगायचं."

बाबांनी आईकडे बघितलं. "घरात बसून माझ्या स्वयंपाकाला सूचना देण्यापेक्षा बरं," आई म्हणाली.

त्या सात काड्यांपैकी चारांना मुळं फुटली. बाबांनी त्या वर्गातल्या पहिल्या चौघांना देऊन टाकल्या, आणि त्यातली एक त्या पिशवीवाल्या मुलीकडे गेली, रोज पाणी घालायचं नाही या अटीवर. डाळिंबाचे तीन-तीन महिने चालूच राहिले. आता फक्त तार लावायच्या आधी एकमेकांना विचारायचं असं ठरलं होतं, आणि विचारण्यात तासन्तास जायचे, त्यामुळे झाडाला जरा श्वास घ्यायला मिळत होता.

शनिवारी दुकान अकराला उघडायचं असं ताईने ठरवून टाकलं. धाकट्याने सकाळच्या शिकवण्या दुपारी नेल्या. ती मंडळाच्या हॉलवर पोचली की तो मागच्या बाकावर तिच्यासाठी जागा धरून बसलेला असायचा. एका शनिवारी बाबा फांदीला तार कशी गुंडाळायची ते सांगत होते. वीस माणसं माना वाकवून कामाला लागली होती. ताई धाकट्याला खालच्या आवाजात सांगत होती की त्याची वळणं फार दूरदूर पडताहेत, आणि तो तिला सांगत होता की ती स्वतःचं बघेल तर बरं.

"मागच्या बाकावरचे दोघं," बाबा समोरून म्हणाले, "बोलायचं असेल तर बाहेर जा."

सगळा वर्ग वळून बघायला लागला. ताईने आणि धाकट्याने एकदमच मान खाली घातली आणि आपापली तार गुंडाळायला घेतली.